आपल्याच पक्षाध्यक्षांचा निषेध करावा का, आणि करायचा तर ठराव कसा आणावा?

परिषदसदस्य यांचा प्रश्न:

एका पक्षाच्या मध्यवर्ती परिषदेत १२० सदस्य आहेत असं धरा. अध्यक्षांनी जाहीर सभेत केलेलं एक विधान पक्षघटनेतल्या उद्दिष्टांच्या कलमाला थेट छेद देणारं आहे. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि विधान मागे घेतलेलं नाही. परिषदेतल्या साधारण एक तृतीयांश लोकांना निषेध व्हावा असं वाटतं, तेवढ्याच लोकांना नको आहे, आणि उरलेले गप्प आहेत.

मला चार गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. निषेध, अविश्वास आणि पदावरून दूर करणं यांत नेमका फरक काय? मतदान गुप्त असावं की हात वर करून? ठराव पडला तर नेत्याची बाजू आणखी बळकट होते का? आणि ठरावाआधी खासगीत बोलणं हा शहाणपणा की वेळकाढूपणा? प्रश्न कुठल्या एका पक्षाचा नाही, तेव्हा उत्तरं कामकाजाच्या अंगाने द्यावीत ही विनंती.

---

घटनेचं_पान:

सर्वांत आधी पक्षघटना उघडा आणि एकच गोष्ट शोधा: अध्यक्षांना निवडतं कोण? ज्या मंडळाने निवडलं नाही, त्या मंडळाचा ठराव नैतिक दबाव टाकू शकतो, पद काढून घेऊ शकत नाही. पुढचा बराचसा घोळ इथे नजर न टाकल्यामुळे होतो.

निषेधाच्या ठरावात म्हटलेलं असतं की ही कृती आम्हाला मान्य नाही. त्याने पद जात नाही. अविश्वासाच्या ठरावात म्हटलेलं असतं की या व्यक्तीने पुढे नेतृत्व करावं असं आम्हाला वाटत नाही. त्याने पद जाईल की नाही हे घटनेतल्या शब्दांवर ठरतं. पदावरून दूर करण्यासाठी बहुधा वेगळं कलम असतं, जास्त बहुमत लागतं, लेखी नोटीस आणि खुलाशाची संधी द्यावी लागते. तिन्ही एकाच ठरावात कोंबले की हरकतीचा मुद्दा उपस्थित होतो आणि सगळाच ठराव नियमबाह्य ठरू शकतो.

ब्रिटनच्या मजूर पक्षाचं उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. २८ जून २०१६ रोजी त्या पक्षाच्या खासदारांनी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्यावर १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास दाखवला. आकडा प्रचंड होता, पण पक्षाच्या नियमांत त्या मतदानाला बंधनकारक असं काही स्थान नव्हतं आणि नेता निवडण्याचा अधिकार व्यापक सदस्यवर्गाकडे होता. कॉर्बिन यांनी राजीनामा दिला नाही. निवडणूक झाली आणि सप्टेंबरमध्ये ते सुमारे ६२ टक्के मतं घेऊन पुन्हा निवडून आले. खासदारांनी आपलं मत नोंदवलं, पण निर्णय ज्यांच्या हातात होता त्यांना विचारायच्या आधीच सगळी ताकद खर्च करून टाकली.

याच्या उलट्या टोकाचं उदाहरण जून १९५७ मधलं सोव्हिएत पक्षाचं. प्रेसिडियम या छोट्या सर्वोच्च मंडळातलं बहुमत पक्षप्रमुख ख्रुश्चेव यांच्या विरोधात गेलं होतं. आपली निवड केंद्रीय समितीने केली आहे, तेव्हा हटवायचं तर तिनेच हटवावं, असा आग्रह त्यांनी धरला. केंद्रीय समिती बसली, तिने त्यांची बाजू घेतली आणि मोलोतोव, मालेन्कोव, कागानोविच हेच समितीतून बाहेर गेले. छोट्या मंडळातलं बहुमत मोठ्या मंडळात टिकेल का, हे आधी मोजायला हवं.

आता आकडेमोड. ‘बहुमत’ एवढाच शब्द वाचून थांबू नका, कशाचं बहुमत ते पाहा. तुमची परिषद १२० ची. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एक तृतीयांश म्हणजे ४० धरू. समजा ७० जण हजर आहेत. बाजूने ३०, विरुद्ध २६, तटस्थ १४. ‘झालेल्या मतांचं बहुमत’ असं लिहिलं असेल तर ५६ पैकी २९ पुरतात, ठराव मंजूर. ‘उपस्थितांचं बहुमत’ असेल तर ३६ लागतात, ठराव पडला. ‘एकूण सदस्यसंख्येचं बहुमत’ असेल तर ६१ लागतात, म्हणजे तुम्ही जवळपासही नाही. पहिल्या पद्धतीत तटस्थ माणूस खरोखरच तटस्थ असतो. पुढच्या दोन्हींत त्याचं मौन ठरावाच्या विरोधात मोजलं जातं. तुमचा गप्प बसलेला एक तृतीयांश गट कुठे मोजला जाणार, हे याच एका शब्दावर ठरेल.

---

मसुदाकार:

वरचं उत्तर पटलं. मी मसुदा आणि सभा यांच्यापुरतं लिहितो, कारण चांगले ठराव तिथेच कोसळतात.

मसुद्यात माणसाचं वर्णन नको, कृतीचं हवं. ‘अध्यक्षांनी पक्षाचा विश्वासघात केला’ असं लिहिलं की चर्चा निष्ठेवर जाते आणि कुंपणावरचे सगळे लोक नेत्याच्या बाजूला सरकतात. त्याऐवजी ‘ज्याअर्थी अमुक तारखेला अमुक ठिकाणी अध्यक्षांनी पुढील विधान केले’ असं लिहून विधान जसंच्या तसं, अवतरणात, पूर्ण वाक्यासह द्या. अर्धं वाक्य उचललं तर संदर्भ तोडल्याचा आरोप येतो आणि तो रास्तच असतो. पुढच्या ‘ज्याअर्थी’त घटनेचं कलम, क्रमांकासह. मग ‘त्याअर्थी ही परिषद सदर विधानाचा निषेध करते’. आणि शेवटी मागणी: विधान लेखी मागे घ्यावं, त्यासाठी मुदत किती, ठरावाची प्रत कोणाला पाठवायची, मुदत उलटल्यास कोणत्या मंडळाची बैठक बोलवायची. हा शेवटचा भाग नसलेले निषेध दुसऱ्या दिवशी संपतात. मला विचाराल तर मागणी नसलेला ठराव आणूच नये.

नोटीस मुदतीत द्या आणि पोच घ्या. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदराखाली असा ठराव आणण्याचा मोह होतो, कारण गुप्तता राहते. पण कार्यपत्रिकेवर नसलेला इतका गंभीर विषय घेतला म्हणून नंतर सगळा ठरावच अवैध ठरवून घेणं समोरच्याला सोपं जातं. शिवाय जे सदस्य आले नाहीत ते म्हणतात, कळलं असतं तर आलो असतो.

सभेत अध्यक्ष स्वतःच अध्यक्षस्थानी असतील तर सुरुवातीलाच, ठराव मांडण्यापूर्वी, आसन उपाध्यक्षांकडे देण्याची विनंती करा. सभाशास्त्राचा हा सर्वमान्य संकेत आहे: ठराव ज्याच्यावर आहे त्याने त्या ठरावापुरतं सभा चालवू नये. मात्र त्यांना बोलण्याची पूर्ण संधी द्या, वेळही इतरांपेक्षा जास्त द्या. खुलासा न ऐकता झालेला निषेध मतदारांना आणि शिस्तपालन समितीला सारखाच खटकतो.

त्यानंतरचा धोका उपसूचनांचा. कोणीतरी सलोख्याच्या सुरात सुचवतं की ‘निषेध’ऐवजी ‘खेद’ म्हणू. मग दुसरा म्हणतो ‘चिंता’. शेवटी उरतं ते ‘अध्यक्षांच्या विधानावरून निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल चिंता’, म्हणजे चूक ऐकणाऱ्यांची. सूचक आणि अनुमोदक यांनी आदल्या दिवशीच ठरवावं की कुठल्या शब्दाखाली उतरायचं नाही. ‘नापसंती’ चालेल पण मागणीचं वाक्य जसंच्या तसं राहील, अशी तडजोड बहुतेक वेळा चांगली. मूळ अर्थच उलटत असेल तर ठराव मागे घेण्याची परवानगी मागा. पातळ ठराव मंजूर होणं हे न आणण्यापेक्षा वाईट, कारण विषय निकाली निघाला असं इतिवृत्तात कायमचं नोंदलं जातं.

आणि गणपूर्ती. विरोधक मतदानाआधी उठून गेले तर ४० चा आकडा तुमच्या लोकांनीच भरता आला पाहिजे. ३८ पक्के असतील तर सभा तुमच्या हातात नाही.

---

मतपेटी:

गुप्त की उघड, यावर माझं ठाम मत आहे: पदाबद्दलचं मतदान गुप्त, कृतीबद्दलचं उघड.

अमेरिकेतल्या रिपब्लिकन पक्षात लिझ चेनी यांच्याबाबत एकाच गटाने तीन महिन्यांत दोन वेगळे निकाल दिले. त्या प्रतिनिधीगृहातल्या पक्षगटाच्या तिसऱ्या क्रमांकाच्या नेत्या होत्या. ३ फेब्रुवारी २०२१ रोजी गुप्त मतदान झालं आणि त्या १४५ विरुद्ध ६१ मतांनी पदावर राहिल्या. १२ मे रोजी आवाजी मतदानाने त्यांना काढलं. मधल्या काळात वादही वाढला होता, त्यामुळे सगळं श्रेय पद्धतीला देणं बरोबर नाही. पण आवाजी मतदानात आकडाच नोंदला जात नाही. किती जण विरोधात होते हे कागदावर उरत नाही, आणि थोडे लोक मोठ्याने बोलले की बाकीचे गप्प होतात. तुमच्या ठरावावर आवाजी मतदान पुकारलं गेलं तर लगेच मतविभागणी, म्हणजे मतं प्रत्यक्ष मोजणं, मागा. ती निकाल जाहीर होताक्षणी मागावी लागते, पुढचा विषय सुरू झाल्यावर नाही.

ठराव पडण्याबद्दल: हो, नेत्याला कवच मिळू शकतं. ब्रिटनच्या हुजूर पक्षात त्या काळी १५ टक्के खासदारांची पत्रं आली की विश्वासमत होत असे आणि नेता जिंकला तर बारा महिने पुन्हा तसं मतदान नाही. पंतप्रधान असताना थेरेसा मे १२ डिसेंबर २०१८ रोजी २०० विरुद्ध ११७ ने जिंकल्या, बोरिस जॉन्सन ६ जून २०२२ रोजी २११ विरुद्ध १४८ ने. कवच दोघांनाही मिळालं. तरी मे यांनी पुढच्या मे महिन्यात पायउतार होत असल्याचं जाहीर केलं, आणि जॉन्सन यांनी तर ७ जुलैला, मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागल्यावर. म्हणजे पडलेल्या ठरावातला आकडाही बोलतो. ४० टक्क्यांहून अधिक आपलेच लोक विरोधात गेले हे एकदा मोजलं गेलं की ते पुसता येत नाही. पण १५ टक्क्यांवर पडलात तर विषय मिटला. १२० च्या परिषदेत ४५ खात्रीची मतं नसतील तर मी नोटीस देणार नाही.

त्या पद्धतीतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. पत्रं एकाच माणसाकडे जात, पक्षाच्या खासदारांच्या समितीच्या अध्यक्षांकडे, आणि आकडा पूर्ण होईपर्यंत ते कोणालाच सांगत नसत. सह्यांचा कागद हातोहात फिरला की बाराव्या सहीपर्यंत त्याचा फोटो नेत्याकडे पोहोचतो आणि पहिल्या बारा जणांना फोन सुरू होतात. प्रत्येकाने स्वतंत्र पत्र द्यावं, एका विश्वासू सदस्याकडे, आणि आपल्या आधी कोणी दिलं हे विचारू नये.

---

दोन_पावलं_आधी:

खासगीत बोलणं वेळकाढूपणा नाही, पण त्याला अट आहे: जाणाऱ्यांकडे आकडा असला पाहिजे. ७ ऑगस्ट १९७४ ला रिपब्लिकन पक्षाचे तीन ज्येष्ठ नेते, गोल्डवॉटर, स्कॉट आणि ऱ्होड्स, आपल्याच पक्षाचे अमेरिकी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना भेटले आणि सभागृहात तुमच्या बाजूने किती मतं उरली आहेत याची कल्पना दिली. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी राजीनामा जाहीर केला. ते विनवायला गेले नव्हते, हिशेब सांगायला गेले होते.

आकडा असूनही नेता ऐकत नसेल तर दक्षिण आफ्रिकेचा क्रम पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीने जेकब झुमा यांना राष्ट्राध्यक्षपद सोडायला सांगितलं. तो आदेश देशाच्या कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक नव्हता आणि ते तयारही नव्हते. मग संसदेतल्या पक्षगटाने जाहीर केलं की अविश्वासाच्या प्रस्तावाला आपण स्वतःच पाठिंबा देऊ. १४ फेब्रुवारीला रात्री राजीनामा आला. पक्षाच्या ठरावाला धार आली ती दुसऱ्या सभागृहातल्या मतांमुळे.

भेटीला तीन जण पुरेत, त्यात एक तरी नेत्याच्या जवळचा मानला जाणारा हवा. भेटीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र पाठवा की अमुक तारखेला भेटलो आणि ही विनंती केली. पुढे सभेत ‘मला आधी सांगितलं का नाही’ हा प्रश्न येतोच.

---

परिषदसदस्य:

खूप स्पष्ट झालं. एक उरलं: परिषदेतले काही सदस्य आमदारही आहेत. त्यांनी निषेधाच्या बाजूने मत दिलं तर भारतातल्या पक्षांतरबंदीचा धोका आहे का?

---

घटनेचं_पान:

दोन वेगवेगळे धोके आहेत, ते मिसळू नका.

संविधानाच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याप्रमाणे (१९८५ पासून) आमदारकी जाते ती मुख्यतः दोन कारणांनी: सभागृहात व्हीपविरुद्ध (पक्षाच्या आदेशाविरुद्ध) मतदान किंवा गैरहजेरी, आणि ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडणं’. परिषदेतला ठराव सभागृहातला नाही, त्यामुळे पहिलं कारण लागू होत नाही. दुसऱ्याचा अर्थ मात्र न्यायालयाने रुंद केला आहे: १९९४ च्या रवी नाईक खटल्यात म्हटलं की लेखी राजीनामा नसला तरी वर्तनावरून सदस्यत्व सोडल्याचा निष्कर्ष काढता येतो. म्हणून परिषदेत मत देणं आणि विरोधी पक्षाच्या व्यासपीठावर जाऊन तेच बोलणं यांत मोठं अंतर आहे. २०१० मध्ये कर्नाटकात भाजपच्या ११ आमदारांनी आपल्याच मुख्यमंत्र्यांवर विश्वास नसल्याचं पत्र राज्यपालांना दिलं होतं. विधानसभाध्यक्षांनी त्यांना अपात्र ठरवलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. नेत्याला विरोध म्हणजे आपोआप पक्षत्याग नव्हे, या युक्तिवादाला त्यामुळे आधार आहे.

दुसरा धोका पक्षाच्या शिस्तभंगाचा. कारणे दाखवा नोटीस, निलंबन, हकालपट्टी. तिथे बचाव एकच: ठराव घटनेतल्या मार्गाने, नोटीस देऊन, सभेत मांडला, बाहेर काही बोललो नाही. तेव्हा आमदारांना मसुद्यावर सूचक करू नका, अनुमोदकही नको. त्यांनी फक्त मत द्यावं, आणि ठरावाआधी पत्रकारांशी बोलू नये. सभा संपल्यावर इतिवृत्तात ठरावाचा पूर्ण मजकूर, सूचक-अनुमोदकांची नावं, बाजूने, विरुद्ध आणि तटस्थ या तिन्ही रकान्यांतले आकडे आणि अध्यक्षांचा खुलासा आला आहे ना हे पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी वाचून पाहा. त्यातली चूक नंतर सहजासहजी दुरुस्त होत नाही.