नवा फ्रिज, जुनं वायरिंग: दाराला हात लावला की झिणझिण्या

दुसरा_मजला

पुण्यातली १९७० च्या दशकातली इमारत. स्वयंपाकघरात लाकडी पट्टीवरून आलेली १.५ चौ. मिमी ॲल्युमिनियमची वायर, मीटरपाशी दोन किटकॅट (चिनी मातीचे जुने फ्यूज), एमसीबी (करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच) नाही. फ्रिज नवा आहे, दोन दारांचा, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवाला. अनवाणी उभं राहून मूठ धरली की झिणझिण्या येतात, चप्पल घातली की थांबतात. आधीचा एकदारी फ्रिज याच सॉकेटवर होता, त्याला हे कधी झालं नाही. शिवाय त्याच लाइनवर मिक्सर लावला की बल्ब मंद होतो. वायरमन म्हणतो, "सॉकेटच्या मागे अर्थच्या पिनला न्यूट्रलची जोड देतो, पाच मिनिटांचं काम." करू द्यावं का?

गट्टीपट्टी

नाही. अजिबात नाही.

दोन किटकॅट म्हणजे बहुतेक एक फेजवर, एक न्यूट्रलवर. न्यूट्रलचं उडालं किंवा ढिलं झालं की फेज फ्रिजच्या सर्किटमधून न्यूट्रलच्या वायरवर येतो आणि त्या जोडीतून थेट पत्र्यावर. फ्रिज बंद, दिवे बंद, घरच्यांना वाटतं लाइट गेली, आणि दाराला २३० व्होल्ट. आधी ते न्यूट्रलवरचं किटकॅट काढून तिथे न्यूट्रल लिंक (फ्यूज नसलेली पक्की जोड) बसवून घ्या, फ्यूज फक्त फेजवर ठेवा. नळाच्या पाइपला अर्थ बांधायचा सल्लाही कुणीतरी देईल. मध्ये एक तुकडा जरी पीव्हीसीचा निघाला, तर तुमचा करंट शेजारच्यांच्या नळाला.

टेस्टरवाला

फ्रिज परत करायची घाई नको. इन्व्हर्टर फ्रिजच्या बोर्डावर विजेतला गोंगाट (नॉइज) गाळणारा फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर, एक फेजपासून आणि एक न्यूट्रलपासून, बॉडीला जोडलेले असतात. अर्थ असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. अर्थ नसेल तर बॉडी दोघांच्या मधोमध लटकते, साधारण ११० ते ११५ व्होल्टवर. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये तो बोर्डच नव्हता, म्हणून अर्थ नसल्याचं कधी कळलं नाही.

हे खरंच फिल्टरचं आहे की आत इन्सुलेशन गेलंय, हे असं कळतं. फ्रिज चालू ठेवून मल्टिमीटरने बॉडीचा रंग नसलेला स्क्रू आणि न्यूट्रल यांच्यात व्होल्टेज बघा. मग त्याच दोन जागी १५ वॅटचा बल्ब जोडा. व्होल्टेज जवळजवळ शून्यावर आलं आणि बल्ब मुळीच पेटला नाही, तर फिल्टर. बल्ब किंचितही लाल झाला तर प्लग काढा आणि फ्रिज दुरुस्तीला द्या. ही चाचणी जिवंत लाइनवर होते, त्यामुळे सवय असलेल्यानेच करावी. निऑन टेस्टरवर भरवसा नको, तो दोन्ही वेळी सारखाच पेटतो.

मेन बंद करून सॉकेटही उघडा. मागे हिरवी वायर आहे का? जुन्या बोर्डांत तिसरं भोक बऱ्याचदा शोभेचंच असतं.

मिक्सरचं दुखणं वेगळं आहे. फ्रिजचा प्लग काढा, त्याच सॉकेटवर १००० वॅटची इस्त्री लावा, आणि मेनपाशी व सॉकेटवर व्होल्टेज मोजा. एका मिनिटात उरका.

दुसरा_मजला

हिरवी वायर आहे, पण मीटरपाशी कापून गुंडाळून ठेवलेली. बॉडी ते न्यूट्रल ११२, बल्ब जोडल्यावर २ च्या खाली, बल्ब पेटला नाही. इस्त्री लावल्यावर मेनला २२९, सॉकेटला २१८. मेन ते सॉकेट वायर १२ मीटर.

मेगर५००

म्हणजे फ्रिज निर्दोष, घर आजारी.

आकडे बघा. इस्त्री साधारण ४.१ अँपिअर घेते आणि ११ व्होल्ट वाटेत पडतात, म्हणजे वाटेत २.७ ओहम. १२ मीटर जाऊन १२ मीटर परत, १.५ चौ. मिमी ॲल्युमिनियमचा रोध जेमतेम ०.४५ ओहम, त्यावर २ व्होल्टही पडायला नकोत. उरलेले ९ व्होल्ट सांध्यांवर जातात. ९ गुणिले ४.१ म्हणजे सुमारे ३७ वॅट, लाकडी पट्टीवरच्या एखाद्या जोडात. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते! ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो, स्क्रूखाली तार हळूहळू दबून ढिली होते, आणि कुणी तांब्याच्या वायरचा पीळ दिला असेल तर ओलाव्याने गंज वेगाने वाढतो. तो जोड पुन्हा आवळून, टेप मारून भागणार नाही. नवी लाइन होईपर्यंत त्या सॉकेटवर मिक्सर, इस्त्री काही नको.

फ्रिजला मेनपासून वेगळी लाइन ओढा. २.५ चौ. मिमी तांब्याची एफआर (सहज पेट न घेणारी) वायर, लाल, काळी, हिरवी, प्रत्येकी १४ मीटर, मध्ये एकही जोड नाही. २५ मिमीची पीव्हीसी केसिंग-कॅपिंग. १६ अँपिअरचं सॉकेट, समोरून बघताना अर्थ वर, फेज उजवीकडे. मेनपाशी छोटी डीबी (स्विचांची पेटी), त्यात सी-१६ म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी आणि दोन पोलचा २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की लाइन तोडणारा स्विच). या आरसीसीबीच्या पुढचा न्यूट्रल जुन्या लाइनच्या न्यूट्रलला कुठेही चिकटता कामा नये, नाहीतर सारखा ट्रिप होईल. संपूर्ण घर एकाच आरसीसीबीवर घेऊ नका. गीझरमधून करंट गळला की फ्रिजही बंद, आणि गावाला गेलात तर दूध-भाजी सगळं गेलं.

आता अर्थ. मीटररूममध्ये वीज कंपनीचं अर्थ टर्मिनल असायला हवं, १९५६ च्या भारतीय वीज नियमांतही (नियम ३३) ते होतं. हिरवी वायर तिथवर न्या. सोसायटीचा अर्थ पिट (हिरवी वायर जिथे जमिनीत उतरते तो खड्डा) मेला असेल तर नवा करा: ३८ मिमी व्यासाचा, २.५ मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भिंतीपासून दीड मीटर दूर, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, हे सगळे विसरतात. अर्थ टेस्टरवर ५ ओहमच्या खाली आणा.

गट्टीपट्टी

एक पुरवणी. अर्थ झाला म्हणून आरसीसीबी गाळू नका. पिट १० ओहमचा निघाला तर फेज बॉडीला चिकटल्यावर करंट २३ अँपिअर, आणि सी-१६ एमसीबी त्यावर लगेच पडत नाही, बराच वेळ घेतो. आरसीसीबी लगेच पडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पिट तपासायला फेज ते अर्थ बल्ब लावून बघणार असाल, तर घरातले सगळे तीन पिनचे प्लग आधी काढा: पिट मेलेला असेल तर त्या बल्बमधून फेज हिरव्या वायरवर येतो आणि त्या वायरला जोडलेला प्रत्येक पत्रा जिवंत होतो. नव्या लाइनवर ही चाचणी केली तर आरसीसीबी पडेल, तो बिघाड नव्हे.