ख्यालाच्या श्रोत्यांना गर्श्विन कोठून ऐकवावा?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा)
मिशिगन विद्यापीठाचा संगीत विभाग जॅझचा आधार घेणारा अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन याच्या रचनांच्या चिकित्सक आवृत्त्या (मूळ साधने पडताळून केलेल्या स्वरलिपी) सिद्ध करीत आहे, हे वाचल्यापासून त्याच्यावर एक श्रवणसत्र करावे असे आमच्या मंडळाच्या मनात आहे. मात्र आमचे बहुतेक सभासद फैयाझखाँसाहेबांच्या गायकीवर वाढलेले असून जॅझशी त्यांचा परिचय नाही. सुरुवात कोणत्या रचनेने करावी?

उत्तर १
‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’नेच करावी. १२ फेब्रुवारी १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाने ती प्रथम सादर केली, तेव्हा पियानोवर स्वतः गर्श्विन होता. आरंभी क्लॅरिनेटसाठी त्याने सुट्या स्वरांची चढती तान लिहिली होती. रॉस गोर्मन या वादकाने तालमीत तिचा वरचा भाग मींडेने, म्हणजे स्वरांवरून सलग घसरत, घेतला आणि गर्श्विनने तो तसाच ठेवला. मींडेची सवय असलेल्या कानांना ही जागा समजावून सांगावी लागणार नाही.

उत्तर २
मी त्याच्याही आधी बेसी स्मिथने १९२५ मध्ये गायलेले ‘सेंट लुई ब्लूज’ लावीन, कारण गर्श्विनने जे घेतले ते मुळात आफ्रिकी-अमेरिकी गायकवादकांचे आहे आणि हे ऋण प्रथम सांगितलेच पाहिजे. आपल्या श्रोत्यांना दोन्ही गंधारांकडे, म्हणजे ‘ग’ या स्वराच्या शुद्ध आणि त्याहून किंचित खालच्या कोमल रूपाकडे, लक्ष द्यायला सांगा. जोग रागात शुद्ध गंधार आरोहात आणि कोमल अवरोहात येतो. ब्लूज या आफ्रिकी-अमेरिकी गायनप्रकारात मात्र साथीला शुद्ध गंधार वाजत असतानाच गायिका कोमल गंधार, किंवा या दोहोंमधला स्वर, लावते. निषादही बहुधा कोमलच असतो. जोग जाणणाऱ्याला हा घर्षणाचा आनंद लगेच कळेल, असे मला मनापासून वाटते.

उत्तर ३
ध्वनिमुद्रण निवडताना फर्डी ग्रोफेने १९२४ मध्ये व्हाइटमनच्या वृंदासाठी केलेली ‘ऱ्हॅप्सडी’ची मूळ वाद्ययोजना (कोणते वाद्य काय वाजवणार याची मांडणी) शोधा. पुढे सिम्फनी वाद्यवृंदासाठी झालेली योजना अधिक प्रचलित आहे, परंतु तिच्यात जॅझचा रोखठोकपणा मवाळ होतो.

चिकित्सक आवृत्तीचे महत्त्व सांगायचे असेल, तर १९२८ च्या ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’मधील टॅक्सीच्या भोंग्यांचे उदाहरण घ्या. स्वरलिपीत भोंग्यांना दिलेली ए, बी, सी, डी ही अक्षरे पाश्चात्त्य स्वरनामे आहेत असे समजून वाद्यवृंद वर्षानुवर्षे त्याच स्वरांचे भोंगे वापरीत आले. परंतु १९२९ च्या ध्वनिमुद्रणात भोंग्यांचे स्वर निराळेच ऐकू येतात, म्हणून ती केवळ ओळखीची अक्षरे असावीत, असे मिशिगनच्या संपादकांचे म्हणणे आहे. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेपासून वडोदऱ्यात स्वरलेखनाची परंपरा आहे, त्यामुळे तुमच्या मंडळात या प्रश्नावर चांगली चर्चा होऊ शकेल.