मदत हवी आहे: पोट साफ होत नाही, इसबगोलही चालेना

फणसगरा:
तीन महिने झाले, वैताग आलाय. रोज अर्धा अर्धा तास बसायचं, लागल्यासारखं होतं, अगदी दारापर्यंत येतं आणि तिथेच अडतं, कुंथून कुंथून डोळ्यापुढे काजवे चमकतात आणि होतं काय तर लिंबाएवढं, तेही मऊच. इसबगोल, पपई, पाणी सगळं चालू आहे, सोनोग्राफी नॉर्मल. चूर्णांची नावं नकोत प्लीज, घरात दुकान झालंय.

रिकामी_बरणी:
वय? लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या? थायरॉइड? रक्त जातं का, वजन घटलंय का? काहीच न सांगता लोकांनी काय ओळखायचं.

पोटोबा:
रात्री कोमट दुधात साजूक तूप आणि वर त्रिफळा. आमच्याकडे तीन पिढ्या हेच.

फणसगरा:
काका, चूर्ण नको म्हटलं होतं ना. वय ३४, गोळ्या नाहीत, थायरॉइड ठीक, रक्त नाही, वजन उलट वाढलंय.

मधली_सुट्टी:
मऊ असून अडतंय ना? माझं सेम होतं. गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरणारा स्नायू असतो, प्युबोरेक्टॅलिस, बसल्यावर तो सैल पडायला हवा. माझा उलटा आवळायचा, म्हणजे कडी लावून दार ढकलत होते. मॅनोमेट्री केली, म्हणजे आत नळी घालून स्नायूंचा दाब मोजतात, मग ५० मिली पाण्याचा फुगा आत ठेवून बाहेर टाकायला सांगतात, साधारण मिनिटाभरात यायला हवा. माझा आलाच नाही, बाहेरून सिस्टर विचारतायत "झालं का ताई?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बायोफीडबॅक, स्क्रीनवर रेघ बघत सैल सोडायला शिकायचं. सहा सेशन्सनी खूप फरक पडला.

जिमदादा:
पेल्विक फ्लोअर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, वीक आहेत तुमचे. केगल करा, तेच स्नायू आवळून सोडायचे, रोज १००. विषय संपला.

मधली_सुट्टी:
अहो नका सांगू असं!! आधीच आवळलेल्याला अजून आवळायला लावताय.

जिमदादा:
बायकोला फायदा झालाय, उगाच नाही सांगत.

रिकामी_बरणी:
तिला शिंकताना लघवी व्हायची म्हणून ना? ते वेगळं दुखणं.

फणसगरा:
थांबा थांबा. केगल मी करतेय. मुलगा झाल्यावर शिंकलं की थेंब थेंब व्हायचं म्हणून यूट्यूब बघून सुरू केलं, सिग्नलला स्कूटरवर पण आवळून धरते. चार महिने झाले असतील. पोटाशी त्याचा काय संबंध म्हणून लिहिलंच नाही.

रिकामी_बरणी:
डिलिव्हरी झालीये हे आत्ता सांगताय! केगलमुळेच झालं असं नाही म्हणत, पण तपासणी होईपर्यंत थांबवा. आणि योनीच्या मागच्या भिंतीवर बोटाने दाबल्यावर शी सुटते का? तसं असेल तर रेक्टोसीलही (गुदाशय योनीकडे फुगून येणं) असू शकतो, गायनॅकला न लाजता सांगा.

पोटोबा:
मूळ हे कमोड. चाळीत उकिडवे बसायचो, कोणाला काही नव्हतं.

मधली_सुट्टी:
चाळीत काय होतं ते सोडा पण बसायचं बरोबर आहे, गुडघे कमरेच्या वर आले की वाट सरळ होते. मी पायाखाली पाट घेते.

जिमदादा:
जेवायचा पाट संडासात?

मधली_सुट्टी:
प्लास्टिकचं स्टूल हो. सासूबाईंनीही हेच विचारलं होतं.

फणसगरा:
त्या फुग्याच्या टेस्टला भूल देतात का? लहान मुलाला कोणाकडे ठेवून जावं लागेल म्हणून विचारतेय.

मधली_सुट्टी:
भूल नाही, जागं राहूनच जोर करायचा असतो. फोन करून आधी एनिमा घ्यायचा का ते विचारा.

पोटोबा:
ठाण्यात कमोड काढून भारतीय बसवणारा प्लंबर आहे का कोणाच्या ओळखीत?