मदत हवी आहे: नारू गेला, तशी आणखी उदाहरणं सांगा

आमच्या वाचनालयात कॉलेजच्या मुलांशी गप्पा आहेत. 'काही सुधारत नाही' हे त्यांचं पालुपद! मी नारूचं, म्हणजे पिण्याच्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या जंताच्या रोगाचं, उदाहरण घेणार आहे. लस नाही, औषध नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हातपंप बसवणं, पाणी फडक्यातून गाळणं, अशा उपायांनी रोग हटला. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. पोरांनी नावही ऐकलेलं नसतं, हेच खरं यश म्हणा ना.

त्या मोहिमेत गावोगाव फिरलेलं कुणी इथे आहे का? लोक विहीर बंद करायला तयार कसे झाले? अशी आणखी उदाहरणंही सुचवा, पण भाषणबाजी नको. काय केलं आणि काय बदललं, तेवढंच हवं.