पुणे आकाशवाणीची मध्यम लहर बंद करावी काय?

मुठाकाठ : पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरीचे (मीडियम वेव्ह) प्रक्षेपण थांबवून सारे कार्यक्रम एफएमवर आणि मोबाइलवर न्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या लहरीचा इतिहास गीतरामायणापाशी सुरू होऊन तिथेच संपतो, तिच्यावर वीज का खर्च करावी?

वेल्हेकर : हे वाचून गप्प राहवले नाही. केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि गीतरामायण १९५५ च्या रामनवमीला. त्यामुळे इतिहासाची तुमची सुरुवातच चुकली आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी याच केंद्रावर ग्रामीण श्रोत्यांसाठी वर्षानुवर्षे काम केले. वेल्ह्याच्या डोंगरात माझे आजोबा संध्याकाळी हवामान आणि शेतीचा सल्ला ऐकल्याशिवाय दुसऱ्या दिवसाच्या भातकापणीचे ठरवत नसत. एफएमची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की तुटते. मध्यम लहर मात्र जमिनीला धरून खोऱ्यात उतरते. हा फरक शहरात बसून कळत नाही.

मुठाकाठ : आजोबांच्या आठवणीवर धोरण ठरत नाही. आमच्या घरात एलईडी दिवा किंवा चार्जर लावला की मध्यम लहरीवर नुसती खरखर ऐकू येते. वडिलांनी शेवटी संच माळ्यावर टाकला.

रानजाई : तुम्ही दोघेही गीतरामायणाचे नाव घेता, याचाच मला संताप येतो. केंद्राचा विषय निघाला की तीच छप्पन्न गीते! महिलांच्या कार्यक्रमात माझ्या आईचे पत्र वाचले गेले, तेव्हा सबंध वाडा आमच्या खोलीत जमला होता. तो इतिहास कोण लिहिणार?

वेल्हेकर : आईंचे पत्र इतिहासच आहे, पण त्यासाठी गीतरामायणाला कमी लेखू नका. केंद्राचे सीताकांत लाड यांनी आग्रह धरला, गदिमांनी लिहिले, बाबूजींनी (सुधीर फडके) चाली दिल्या, माणिक वर्मा आणि वसंतराव देशपांडे यांच्यासारखे गायक आले आणि वर्षभर दर आठवड्याला नवे गीत ऐकवले गेले. तेव्हा एफएम नव्हते. ते सारे मध्यम लहरीनेच घरोघर पोहोचवले.

रानजाई : कमी कोण लेखते आहे? एका वर्षाच्या तेजात बाकीची वर्षे दिसेनाशी होतात, एवढेच माझे म्हणणे आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

मुठाकाठ : मूळ प्रश्न राहिला. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्तविभाग हलवण्याचा निर्णय झाला, तेव्हा लोकांनी आवाज उठवला आणि तो स्थगित झाला. लोक बातम्यांसाठी बोलले, लहरीसाठी नव्हे. डोंगराळ भागापुरते तुमचे म्हणणे मी नाइलाजाने मान्य करतो. शहराला ती लहर नको.

वेल्हेकर : ‘डोंगरापुरते’ असे काही नसते. हडपसरचा प्रक्षेपण मनोरा शहराला आणि वेल्ह्याला एकाच वेळी ऐकवतो. तो शहरासाठी बंद केलात, तर आमच्यासाठीही बंद झाला.