घरी दोघांनी पाहिलेले सिनेमे आणि न पटलेली मते

निवांत
गेल्या रविवारी माळ्यावरची ट्रंक उतरवताना निळ्या पुठ्ठ्याची एक शंभर पानी वही सापडली. १९९१ साली आम्ही डोंबिवलीच्या घरात व्हीसीपी, म्हणजे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ कॅसेट प्लेअर घेतला, तेव्हापासून भाड्याने आणलेल्या प्रत्येक कॅसेटची नोंद मी तिच्यात करीत असे. डावीकडे सिनेमाचे नाव, मग दहापैकी माझे गुण, मग सौ.चे गुण आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. आयुष्यभर हिशेब खात्यात काढलेल्या माणसाची करमणूकही रकान्यांतूनच चालायची. 'अशी ही बनवाबनवी'ला माझे नऊ गुण आहेत आणि तिचे सहा. पुढे तिच्या अक्षरात शेरा आहे: "साडी नेसून पळण्यात एवढे हसण्यासारखे काय आहे? आम्ही आठ-सतराची लोकल रोज तशीच पकडतो."

नोकरीसाठी घराबाहेर पडणाऱ्या बाईच्या गोष्टीसमोर, 'उंबरठा'समोर, १९९३ सालची नोंद आहे. माझे गुण पाच, शेरा: "शेवट पटला नाही. नवरा इतका वाईट नव्हता." तिच्या रकान्यात गुण नाहीत, पेन्सिलीने फक्त "नंतर सांगते" असे लिहिले आहे.

घरी दोघांनी मिळून पाहिलेल्या सिनेमांवरून तुमच्यात काय बोलणे झाले, ते मोकळेपणाने लिहावे. भांडणे झाली असल्यास तीही चालतील.

गच्चीवरची
तुमच्याकडे निदान वही होती, आमच्याकडे मत मांडायला जागाच नव्हती. लालबागच्या चाळीत दोन खोल्या, सासूसासरे, दोन दीर, आणि शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागला की अर्धा मजला आमच्याकडे. हे पुढे खिडकीशी बसायचे आणि मी स्वयंपाकघराच्या दारात, म्हणजे एकत्र पाहिला असे म्हणायचे ते आपले नावालाच. पहाटे चारला नळ आला की कळशी उचलता उचलता हे हळूच विचारायचे, "कसा वाटला?" तेवढाच आमचा चर्चेचा वेळ. 'पिंजरा' पाहिला त्या पहाटे हे म्हणाले, की नाचणारीने एका सज्जन मास्तराचे वाटोळे केले. मी म्हटले, मास्तर तमाशाच्या तंबूत स्वतःच्या पायांनी गेले होते, कोणी उचलून नेले नव्हते. यावरून जे सुरू झाले, त्यात बादली भरून वाहू लागली आणि शेजारच्या काकूंनी "अहो, पाणी!" म्हणून हाक मारली, तेव्हा आम्ही भानावर आलो.

ताक
मला 'कोर्ट' मनापासून आवडला होता आणि तो हिला दाखवायचाच, असा मी चंग बांधला होता. ही कपड्यांच्या घड्या घालत पाहत होती. एकेक दृश्य मिनिटामिनिटाचे, कॅमेरा जागचा हलत नाही. तिसऱ्या चादरीला ही म्हणाली, "कॅमेरा लावून माणूस जेवायला गेला वाटतं." शेवटाकडे न्यायालय सुट्टीसाठी बंद होते, दिवे एकामागून एक मालवले जातात आणि पडद्यावर नुसता अंधार उरतो. मी हिच्याकडे पाहणार, तोच "संपला एकदाचा" म्हणत हिने रिमोट दाबला. अजून न्यायाधीशांची सहल बाकी आहे, हे मी सांगितले, तेव्हा "त्यांना जाऊन येऊ दे" एवढेच उत्तर मिळाले. मात्र त्यातल्या सरकारी वकीलबाई दिवसभर एका शाहिराविरुद्ध कलमे वाचतात आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागतात, हे हिने बरोबर टिपले होते. मी सिनेमा तीनदा पाहूनही माझे लक्ष तिकडे गेले नव्हते.

भाऊबीज
निवांत, व्हीसीपीचे हेड तुम्ही कशाने पुसत होता? आमच्याकडे वडील कोरी करकरीत नोट वापरायचे आणि नोट मिळाली नाही की सिनेमाभर पडद्यावर मुंग्या.

निवांत
आमच्याकडेही नोटच, आणि ती सौ.च्या पाकिटातली. यावरही वहीत तिचा एक शेरा आहे, तो इथे लिहिण्याजोगा नाही.

अबोली
आमचे लग्न १९९८ मधले, आंतरजातीय, नोंदणी पद्धतीचे. माहेरच्यांनी पुढची सहा वर्षे तोंड पाहिले नाही. २०१६ मध्ये सगळे जग 'सैराट'च्या रांगेत उभे होते, पण आम्हा दोघांना चित्रपटगृहात जाण्याचा धीर झाला नाही. पुढे टीव्हीवर लागला, तेव्हा मुलगी शिकवणीला गेल्यावर दार लावून पाहिला.

नवऱ्याचे मत असे, की गावात घडणारा भागच खरा सिनेमा आहे आणि ती दोघे हैदराबादला पोहोचल्यावर तो रेंगाळतो. मला नेमके उलटे वाटले. पळून जाईपर्यंतची गोष्ट कोणीही सांगेल. त्या झोपडीवजा खोलीत तिचे मन लागत नाही, दोघे एकमेकांवर चिडतात, ती निघून जाते आणि परत येते, हे पाहताना मला आमचा पहिला वर्षभराचा काळ आठवत होता. आमचे पहिले भांडण रॉकेलच्या रांगेत कोणी उभे राहायचे यावरून झाले होते. मी हे सांगितले, तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणूनच मला तो भाग नको वाटला."

शेवटी माहेरची माणसे घरी येतात आणि ती त्यांच्यासाठी चहा करते. त्या चहापाशी नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. शेवटच्या क्षणांना नागराज मंजुळे यांनी आवाज ठेवलेलाच नाही, हे आम्हाला नंतर कळले.

समुद्रपक्षी
मी दोह्याला, पत्नी रत्नागिरीला, म्हणजे आमचे 'घरी पाहिलेले' दोन घरांत मिळून होते. अडीच तासांचा फरक सांभाळून शुक्रवारी फोन लावायचा आणि तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम बटण दाबायचे. तरी माझे चित्र तिच्यापेक्षा दोन-तीन सेकंद पुढे असते, त्यामुळे मी आधी हसतो आणि तिची गंमत जाते, अशी तिची कायमची तक्रार आहे. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहताना तिने मला शेवटी आवाज बंद करायला लावला. फाळक्यांच्या वेडापायी घरातले सामान विकले जाते आणि तरी सगळे आनंदात असतात, हे काही तिला पटेना. मी म्हटले, माणसे असतात तशी. ती म्हणाली, "असतील. पण आपले कपाट विकायचे झाल्यास आधी ते उचलायला इकडे यावे लागेल."

कडू कारले
'श्वास' हा 'श्यामची आई'नंतर सुवर्णकमळ मिळवणारा पहिला मराठी चित्रपट, एवढे ऐकून मी २००५ मध्ये सीडी आणली. नातवाची दृष्टी जाणार, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात आणि जग दाखवतात, तिथे मी अक्षरशः उपरण्याने डोळे पुसत होतो. आमची सौ. परिचारिका. तिचा चेहरा कोरा. सिनेमा संपल्यावर ती म्हणाली, "पेशंट वॉर्डातून गायब होतो, तेव्हा ड्यूटीवरच्या सिस्टरला काय काय लिहून द्यावं लागतं, ते कोणी दाखवत नाही." त्या रात्री तिने तिच्या वॉर्डातल्या एका मुलाबद्दल प्रथमच सांगितले. मी सीडी दुसऱ्या दिवशी परत करायला विसरलो आणि दंड भरला.

गच्चीवरची
निवांत, सगळे राहू दे. 'नंतर सांगते' म्हणाल्या होत्या, ते सांगितले का?

निवांत
काल रात्री विचारले. ती मेथी निवडत होती. वही हातात घेऊन तिने माझा शेरा दोनदा वाचला आणि म्हणाली, "त्याच वर्षी माझं सोलापूरचं बढतीचं पत्र आलं होतं. आठवतं?" मला आठवत होते. बढती नाकारल्याचे उत्तर मीच टंकलिखित करून आणले होते. मी तसे म्हटले, त्यावर ती "हो, अक्षरं छान उठली होती" म्हणाली आणि पुन्हा मेथीकडे वळली.

गुण मात्र तिने अजून दिलेले नाहीत. शनिवारी सिनेमा पुन्हा पाहायचा ठरला आहे, आणि मी मध्येच उठून चहा मागायचा नाही अशी अट आहे.