टोपणनावाने सिनेमा-मालिकांवर ब्लॉग: दोन ओळखी वेगळ्या कशा ठेवाव्यात?

तिसरी_घंटा:
चित्रपट आणि वेब सिरीजवर टोपणनावाने ब्लॉग सुरू करायचा आहे. वर्डप्रेस आणि स्वतःचं डोमेन, एवढं नक्की आहे. ऑफिसातल्या कुणी माझं नाव शोधलं तर हा ब्लॉग पुढे येऊ नये आणि ब्लॉगवरून माझं नावही सापडू नये. नंतर दुरुस्त करता येत नाहीत अशा गोष्टी कोणत्या? आणि लिहिणारं हे 'पात्र' किती रंगवावं?

मागची_रांग:
सुरुवात नव्या ईमेलपासून करा, बाकीची सगळी खाती त्यावरच उघडा. ब्राउझरमध्ये त्यासाठी वेगळं प्रोफाइल ठेवा. चुकून खऱ्या नावाच्या खात्यातून प्रतिसाद टाकला जाणं हा सर्वात नेहमीचा घोळ असतो आणि वेगळ्या प्रोफाइलने तो बराचसा टळतो.

डोमेनची प्रायव्हसी, म्हणजे सार्वजनिक नोंदीत मालकाचं नाव-पत्ता झाकण्याची सोय, नोंदणीच्या क्षणापासून चालू हवी. मे २०१८ मध्ये जीडीपीआर (युरोपीय संघाचा डेटा-संरक्षण कायदा) लागू झाल्यापासून बहुतेक रजिस्ट्रार (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्या) तपशील झाकतात, पण सगळ्याच एक्स्टेन्शनना (डॉट कॉमसारख्या शेवटच्या भागांना) ती सोय नाही. डॉट यूएसला ती मिळतच नाही. नाव एकदा उघडं नोंदलं गेलं की मागाहून झाकून फारसा उपयोग नाही, कारण जुन्या नोंदी साठवून ठेवणाऱ्या सेवा आहेत.

वर्डप्रेस इन्स्टॉल करताना युजरनेममध्ये खरं नाव नको. 'डिस्प्ले नेम' नंतर बदललं तरी लेखक-पानाच्या पत्त्यात जुनं युजरनेम तसंच राहतं आणि डॅशबोर्डातून ते बदलता येत नाही. चुकलंच असेल तर नवा ॲडमिन तयार करा, त्यातून लॉगिन करा आणि जुना काढा. काढताना मजकूर कुणाच्या नावे करायचा असं विचारलं जातं. तिथे नवा युजर निवडा, नाहीतर लेखही जातील. ग्रॅव्हटारही (ईमेलला जोडलेला फोटो साइटवर दाखवणारी सेवा) बघा: नेहमीचा ईमेल दिलात तर तुमचा इतर ठिकाणचा फोटो आपोआप इथे झळकेल.

काळापांढरा:
वरचं सगळं बरोबर, पण माणसं सापडतात ती जास्त करून जोडणीतून. ॲडसेन्सचं (गुगलच्या जाहिराती साइटवर लावण्याच्या सेवेचं) खातं सहसा एका व्यक्तीला एकच मिळतं आणि त्याचा पब्लिशर आयडी पानाच्या सोर्समध्ये कुणालाही दिसतो. खऱ्या नावाच्या साइटवर त्या जाहिराती असतील तर इथे लावू नका. तीच गत एसएसएलची (साइट सुरक्षित असल्याचं दाखवणाऱ्या सर्टिफिकेटची). दोन्ही डोमेन एकाच होस्टिंगवर असली तर कधी कधी एकाच सर्टिफिकेटमध्ये दोघांची नावं येतात, आणि सर्टिफिकेटच्या नोंदी सार्वजनिक असतात. खऱ्या नावाच्या डोमेनचं सबडोमेन चाचणीसाठी वापरणं म्हणूनच टाळावं.

सोशल मीडियावर फोन नंबर द्यावाच लागला तर 'संपर्कांना माझं खातं सुचवा' हा पर्याय लगेच बंद करा. नाहीतर ऑफिसातल्या ज्यांच्याकडे तुमचा नंबर आहे त्यांच्यासमोर तुमचं नवं खातं सुचवणीत येईल.

स्क्रीनशॉट अपलोड करण्याआधी चारही कोपरे बघा: ओटीटी प्रोफाइलचं नाव, उघडे टॅब, नोटिफिकेशन. मोबाइलच्या फोटोतलं लोकेशनही काढून टाका.

पडद्याआडून:
'पात्रा'बद्दल. खोटं चरित्र रचू नका. खोटं वय, खोटं गाव, खोटी पदवी पुढे सांभाळावी लागते, आणि पन्नासाव्या लेखात कुठेतरी विसंगती येतेच. सांगायचं नाही ते सांगूच नका. दुसऱ्याचा फोटो तर अजिबात नको. एखादं रेखाचित्र पुरे.

पात्र उभं राहतं ते नजरेतून. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' म्हणून लिहायचे, त्या नावाला स्वतःचा रोख होता. तुमचं टोपणनाव नेमकं काय बघतं ते आधी ठरवा: संकलन, संवाद, ध्वनी की पटकथेची बांधणी? मग दर परीक्षणात ती बाजू आलीच पाहिजे. 'दुसऱ्या भागात कथा रेंगाळते' हे कुणीही लिहितं. 'चौकशीचा प्रसंग दोनदा येतो आणि दुसऱ्यांदा नवं काहीच कळत नाही' असं लिहिलंत तर वाचक नाव लक्षात ठेवेल.

शैलीवरूनही लेखक ओळखता येतो. १९६४ मध्ये मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 'फेडरलिस्ट' या टोपणनावाने छापलेल्या जुन्या अमेरिकन राजकीय निबंधांपैकी वादातल्या १२ निबंधांचा लेखक किरकोळ शब्दांच्या वारंवारतेवरून ठरवला होता. तुमचे 'अर्थात', 'एकूणच', 'असो' खऱ्या नावाच्या लेखनात किती येतात ते तपासा. जुन्या पोस्टमधली वाक्यं मात्र इथे कधीच चिकटवू नका. अवतरणचिन्हांत टाकून शोधलं की ती लगेच सापडतात.

तिसरी_घंटा:
धन्यवाद, खूपच कामाचं. प्रदर्शनाआधीचे प्रिव्ह्यू टोपणनावावर मिळतात का?

पडद्याआडून:
ब्लॉगवर नियमित काम दिसलं तर मिळू शकतात, पण प्रसिद्धी सांभाळणाऱ्याला खरं नाव बहुधा सांगावं लागतं. ते ईमेलवर स्पष्ट सांगा आणि छापताना टोपणनावच वापरावं हेही तिथेच लेखी मागा. प्रिव्ह्यू लिंकच्या चित्रावर पुष्कळदा तुमचं नाव किंवा ईमेल वॉटरमार्क म्हणून असतं, त्यामुळे त्यातला स्क्रीनशॉट वापरायचाच नाही. अधिकृत प्रेस किटमधली (निर्मात्यांनी प्रसिद्धीसाठी दिलेल्या साहित्यातली) छायाचित्रं घ्या. एम्बार्गोची (ज्याआधी परीक्षण छापायचं नाही ती) वेळ कोणत्या टाइमझोनची आहे तेही विचारून मगच पोस्ट शेड्यूल करा. वर्डप्रेसचा टाइमझोन सेटिंग्जमध्ये हाताने निवडावा लागतो, तो चुकला तर लेख काही तास आधी किंवा उशिरा बाहेर पडतो.